प्रस्तावना : बूट फ्लॉपी नेमकी वाचतो कोण?

फ्लॉपी डिस्क जन्माला आली ती पत्रे, हिशेब किंवा प्रबंध साठवण्यासाठी नव्हे, तर यंत्र सुरू करण्यासाठी. आयबीएमच्या सिस्टिम/३७० या मोठ्या संगणकांच्या काही नमुन्यांत प्रोसेसरला लागणारा मायक्रोकोड सेमीकंडक्टर मेमरीत ठेवलेला असे. वीज गेली की तो पुसला जाई आणि दर वेळी नव्याने भरावा लागे. त्यासाठी स्वस्त, हलके आणि टपालाने पाठवता येईल असे साधन हवे होते. कॅलिफोर्नियात सॅन होजे इथे डेव्हिड नोबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते बनवले. १९७१ साली आलेली ती आठ इंची फ्लॉपी सुमारे ८० किलोबाइटची होती, आणि संगणक ती फक्त वाचू शके, तिच्यावर लिहू शकत नसे. वापरणाऱ्याने नाव घेऊन उघडावी अशी फाइल तिच्यावर असण्याचे कारणच नव्हते. पहिली फ्लॉपी ही बूट फ्लॉपीच होती. कागदपत्रे ठेवण्याचे काम तिच्याकडे मागाहून आले.

हा क्रम ध्यानात ठेवला तर या पुस्तकाचा विषय समजायला सोपा जातो. प्रश्न वरवर किरकोळ आहे: जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या बूट फ्लॉपीवरची फाइल सिस्टिम उघडायची कशी? फ्लॉपी ड्राइव्हमध्ये सरकवा, डिरेक्टरी मागा, झाले. पण ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांना तीन कोडी हमखास भेटलेली असतात. एक फ्लॉपी यंत्र विनातक्रार सुरू करते, पण तीच चालू संगणकात घातली की ‘फॉरमॅट केलेली नाही’ असे उत्तर येते. दुसरीची डिरेक्टरी उघडते, पण तिच्यात एकच फाइल दिसते आणि फ्लॉपीवरची निम्मीअधिक जागा मात्र भरलेली असते. तिसरीवरून यंत्र सुरू केले की डझनभर कमांड हाताशी येतात. पण ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिली तर त्यांतल्या बहुतेकांचा पत्ता नसतो.

तिन्ही कोड्यांचे उत्तर एकच आहे आणि तेच या पुस्तकाचे सूत्र आहे. बूट फ्लॉपीला एकाहून अधिक वाचक असतात, आणि प्रत्येकाला तिच्यावर वेगळे काही दिसते. फाइल सिस्टिम म्हणजे लिहिणारा आणि वाचणारा यांच्यातला करार. साध्या डेटा फ्लॉपीच्या बाबतीत दोन्ही पक्ष आधीपासून हजर असतात. बूट फ्लॉपीच्या बाबतीत वाचणारा पक्ष अजून जन्मायचाच असतो: फाइल कशी वाचायची हे ज्या प्रोग्रामला ठाऊक आहे, तो प्रोग्राम स्वतःच फ्लॉपीवर पडून आहे. या अडचणीतून प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमने आपापली वाट काढली. ती वाट कळली की फ्लॉपी उघडते. न कळता नुसत्या कमांड पाठ केल्या तर एका फ्लॉपीवर चाललेली युक्ती दुसरीवर चालत नाही.

पहिले ५१२ बाइट

उदाहरणासाठी आयबीएम पीसीचे घराणे घेऊ, कारण आपल्याकडच्या बहुतेक वाचकांचा संबंध त्याच्याशीच आला. वीज दिली की मदरबोर्डवरच्या चिपमधला बायोस कामाला लागतो. फाइल म्हणजे काय, डिरेक्टरी म्हणजे काय, हे त्याच्या गावीही नसते. त्याला एवढेच येते: ए ड्राइव्हमधल्या फ्लॉपीचा अगदी पहिला सेक्टर वाचायचा, ते ५१२ बाइट मेमरीत हेक्साडेसिमल ७सी०० या पत्त्यावर ठेवायचे आणि प्रोसेसरला तिथे पाठवून द्यायचे. बायोसचे काम इथे संपते. पुढे काय होईल ते त्या ५१२ बाइटांत काय लिहिले आहे त्यावर.

या सेक्टरची रचना निवांत बघण्यासारखी आहे. डॉसच्या फ्लॉपीवर पहिले तीन बाइट म्हणजे पुढे उडी मारण्याची सूचना. उडी कशावरून? तिच्या लगेच पुढे आठ बाइटांत फॉरमॅट करणाऱ्या प्रणालीचे नाव असते आणि त्यानंतर फ्लॉपीची मापे सांगणारा तक्ता: सेक्टर किती बाइटांचा, क्लस्टरमध्ये सेक्टर किती, फॅट या नोंदवहीच्या प्रती किती, मूळ डिरेक्टरीत नोंदी किती, एकूण सेक्टर किती. १९८३ च्या डॉस २.० पासून हा तक्ता आला. प्रोसेसरने तो सूचना समजून चालवू नये म्हणून ती उडी. ऑपरेटिंग सिस्टिमला उलट तक्ताच हवा असतो, बाकीच्या सूचनांशी तिला घेणे नसते. एकाच सेक्टरमध्ये दोन वाचकांसाठी दोन मजकूर शेजारी शेजारी लिहिलेले आहेत, आणि शेवटी ५५ आणि एए या दोन हेक्स बाइटांची ठरलेली खूण.

पहिल्या सेक्टरनंतर जे येते तेही ठरलेले आहे. १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीवर ८० ट्रॅक, दोन बाजू आणि दर ट्रॅकला १८ सेक्टर. म्हणजे २,८८० सेक्टर, एकूण १४,७४,५६० बाइट. क्रमांक शून्यचा सेक्टर बूटचा. १ ते ९ मध्ये फॅट, १० ते १८ मध्ये तिचीच दुसरी प्रत. १९ ते ३२ मध्ये मूळ डिरेक्टरी, ३२ बाइटांची एक अशा २२४ नोंदी. फाइलींचा मजकूर ३३ व्या सेक्टरपासून. नव्याने फॉरमॅट केलेल्या फ्लॉपीवर डॉस १४,५७,६६४ बाइट मोकळे असल्याचे सांगते. हा आकडा कित्येकांनी शेकडो वेळा पाहिला असेल. एकूण जागेतून पहिले ३३ सेक्टर वजा करा, तोच आकडा येतो.

फाइल सुरू कुठे होते ते डिरेक्टरी सांगते, आणि पुढचा तुकडा कुठे ते फॅट सांगते. खजिना शोधण्याच्या खेळात प्रत्येक चिठ्ठीवर पुढच्या चिठ्ठीचा ठावठिकाणा असतो, तशी ही साखळी. फ्लॉपीवर जागा बेताची, म्हणून फॅटमधली प्रत्येक नोंद १२ बिटांची. दोन नोंदी मिळून तीन बाइट. साखळीची ही मूळ पद्धत मायक्रोसॉफ्टमधल्या मार्क मॅकडोनल्ड यांनी १९७७ मध्ये बेसिकच्या एका आवृत्तीसाठी बसवली. पुढे १९८० मध्ये टिम पॅटर्सन यांनी सिअॅटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्समध्ये जी ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली तिच्यात त्यांनी ती वापरली, आणि तिथून ती एमएस-डॉसमध्ये आली. हेक्स एडिटर, कागद आणि पेन्सिल एवढ्या सामग्रीवर एखादी छोटी फाइल अशी हाताने सोडवता येते. या पुस्तकाच्या वाचकाने ते एकदा तरी करावे. फाइल सिस्टिमविषयीचा धाक त्यानंतर उरत नाही.

फाइलींच्या बाहेरची सिस्टिम, फाइलींच्या आतली सिस्टिम

डॉसच्या आधी लहान संगणकांवर सीपी/एमचे राज्य होते. गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये लिहिलेल्या या सिस्टिमने वाचकांचा प्रश्न जागेची सरळ वाटणी करून सोडवला. आठ इंची प्रमाणित फ्लॉपीवर ७७ ट्रॅक, दर ट्रॅकला १२८ बाइटांचे २६ सेक्टर. त्यांपैकी पहिले दोन ट्रॅक सिस्टिमसाठी राखून ठेवलेले. डिरेक्टरी त्यांच्यापुढे सुरू होई. त्यामुळे डिरेक्टरीची यादी मागितली तर सिस्टिम त्यात कधीच दिसत नसे, आणि फाइली कॉपी करून ती दुसऱ्या फ्लॉपीवर जातही नसे. त्यासाठी सिसजेन ही वेगळी कमांड होती. ती फाइल सिस्टिमला न विचारता थेट ट्रॅक उचलून दुसरीकडे लिही.

डॉसने वेगळी तडजोड केली. सिस्टिम फाइलींमध्येच ठेवली: आयओ.सिस, एमएसडॉस.सिस आणि कमांड.कॉम. आयबीएमच्या पीसी-डॉसमध्ये पहिल्या दोघींची नावे वेगळी होती, कामे तीच. पण ५१२ बाइटांच्या बूट सेक्टरमध्ये पूर्ण फाइल सिस्टिम समजणारा प्रोग्राम मावत नाही. तक्ता, एररचे संदेश आणि शेवटची खूण वजा जाता कोडसाठी चारशेच्या आसपास बाइट उरतात. म्हणून बूट सेक्टरला अर्धेमुर्धेच वाचता येते, आणि त्याच्यासाठी फाइल सिस्टिमवर अटी घातल्या गेल्या. जुन्या डॉसमध्ये आयओ.सिस ही मूळ डिरेक्टरीतली पहिली नोंद आणि एमएसडॉस.सिस दुसरी असायलाच हवी, आणि आयओ.सिसचा मजकूर डेटाच्या अगदी सुरुवातीपासून सलग असायला हवा. साखळी शोधत बसण्याइतकी अक्कल बूट सेक्टरकडे नाही, म्हणून साखळी विस्कळीत असता कामा नये.

नव्वदच्या दशकात संगणकाच्या क्लासला गेलेल्यांना एक अनुभव आठवत असेल. सिस्टिम फ्लॉपीवरच्या सगळ्या फाइली नीट कॉपी केल्या, तरी नवी फ्लॉपी यंत्र सुरू करत नसे. कॉपी ही कमांड फाइल सिस्टिमला विचारून चालते आणि फाइल जिथे जागा मिळेल तिथे ठेवते. बूट सेक्टरला तर ती हातही लावत नाही. शिवाय पहिल्या दोन फाइली हिडन आणि सिस्टिम म्हणून नोंदलेल्या असल्यामुळे तिच्या नजरेला पडतच नाहीत. सिस ही कमांड या अटी जाणते. डिस्ककॉपी तर काहीच जाणत नाही; ती ट्रॅकमागून ट्रॅक उतरवत जाते आणि म्हणून हमखास यशस्वी होते. बूट फ्लॉपी हाताळताना आपण कॉपीच्या पातळीवर आहोत की डिस्ककॉपीच्या, हा प्रश्न पावलोपावली विचारावा लागतो. या पुस्तकातल्या बऱ्याचशा प्रकरणांचा तोच कणा आहे.

आपल्या कॉलेजांच्या प्रयोगशाळांमध्ये बूट फ्लॉपीचा आणखी एक प्रकार दिसे. हार्ड डिस्क नसलेल्या संगणकांची रांग, मागे नॉव्हेल नेटवेअरचा सर्व्हर, आणि विद्यार्थ्याच्या हाती एक बूट फ्लॉपी. डॉस सुरू व्हायचे, नेटवर्कचे दोन छोटे प्रोग्राम मेमरीत बसायचे आणि मग एफ ड्राइव्हवर जाऊन लॉगिन. काम करायच्या फाइली कधीच फ्लॉपीवर नसत. तिथपर्यंत पोचण्याची वाट तेवढी तिच्यावर असे. अशी फ्लॉपी आज उघडली तर फाइल सिस्टिम पूर्ण शाबूत मिळते आणि तरी हाती फारसे लागत नाही. कॉन्फिग.सिस आणि ऑटोएक्झेक.बॅट या दोन मजकुरी फाइली मात्र आवर्जून वाचाव्यात. ते यंत्र कसे होते, त्यात कोणते कार्ड होते, मेमरीची ओढाताण किती होती, याची साक्ष त्यांतून मिळते.

खोटे बोलणारा वाचक

बूट सेक्टरविषयीचा एक गैरसमज फार महागात पडला. ‘नॉन-सिस्टिम डिस्क’ असा संदेश पडद्यावर आला की लोक समजत, या फ्लॉपीत सिस्टिम नाही, म्हणजे काही चालले नाही. प्रत्यक्षात तो संदेश त्या फ्लॉपीच्याच बूट सेक्टरमधला प्रोग्राम छापत असे. फॉरमॅट केलेल्या प्रत्येक फ्लॉपीवर, सिस्टिम असो वा नसो, हा प्रोग्राम असतो आणि ड्राइव्हमध्ये विसरलेल्या फ्लॉपीवरून यंत्र सुरू होताना तो चालतो. बूट सेक्टरच्या व्हायरसांनी नेमकी हीच फट हेरली.

१९८६ मध्ये लाहोरमधल्या दोन भावांनी लिहिलेल्या ब्रेनने मूळ बूट सेक्टर दुसरीकडे हलवला, ती जागा फॅटमध्ये ‘खराब’ म्हणून नोंदवली आणि स्वतः पहिल्या सेक्टरमध्ये जाऊन बसला. त्याहून चलाखी पुढे होती. तो मेमरीत असताना कुणी पहिला सेक्टर वाचू पाहिला, तर तो जुना निरुपद्रवी सेक्टर काढून दाखवी. फ्लॉपी तीच, सेक्टर तोच, पण वाचक बाधित असल्यामुळे उत्तर खोटे. १९९० च्या सुमारास भारतात सापडलेला ‘जोशी’ हाही याच जातीचा. ५ जानेवारीला तो यंत्र अडवून धरी आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टाइप करायला लावी. पुण्यात काटकर बंधूंनी नव्वदच्या दशकाच्या मध्याला डॉससाठी क्विक हील आणले, तेव्हा अशा व्हायरसांशी सामना हा अँटिव्हायरस लिहिणाऱ्यांचा रोजचा उद्योग होता. उपाय सगळीकडे एकच सांगितला जाई: यंत्र पूर्ण बंद करा आणि लिहिण्यापासून सुरक्षित केलेल्या, खात्रीच्या फ्लॉपीवरून सुरू करा. म्हणजेच आधी विश्वासाचा वाचक आणा, मग वाचा. जुन्या फ्लॉपींच्या ढिगाला आज हात घालणाऱ्यालाही हा नियम लागू आहे, कारण हे व्हायरस त्या ढिगात अजून जसेच्या तसे आहेत.

फाइल सिस्टिम नसलेली फ्लॉपी

पहिल्या कोड्याकडे वळू: यंत्र सुरू करणारी, पण ‘फॉरमॅट न केलेली’ फ्लॉपी. ती बहुधा लिनक्सची असते. १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्सला सुरुवात केली, तेव्हा लोक ते दोन फ्लॉपींवरून चालवत: एक बूट, एक रूट. बूट फ्लॉपीवर कर्नलची फाइल ‘ठेवलेली’ नसे. कर्नलची इमेज शून्याव्या सेक्टरपासून डीडी कमांडने किंवा डॉसमधून रॉराइटने सरळ ओतलेली असे. इमेजचे पहिले ५१२ बाइट हेच बूट सेक्टरचे काम करत. बायोसला फाइल कळत नाही, मग तिची भानगड हवीच कशाला, असा रोखठोक विचार त्यामागे होता. अशी फ्लॉपी माउंट होत नाही, कारण माउंट करण्याजोगे तिच्यावर काही नाही. रूट कुठे आहे हे कर्नलला सांगायचे तर आरडेव्ह ही कमांड इमेजमधल्या ५०८ व्या बाइटपासूनच्या दोन बाइटांत ती माहिती लिही. कॉन्फिगरेशनची फाइल नव्हती. इमेजमधली ठरावीक जागा हीच कॉन्फिगरेशन. कर्नलच्या २.६ या पिढीत ही थेट फ्लॉपीवरून सुरू होण्याची सोय काढून टाकली गेली.

रूट फ्लॉपीवर फाइल सिस्टिम असे, सुरुवातीला मिनिक्सची, पुढे बहुधा ईएक्सटी२. पण जागा वाचवण्यासाठी पुढे तीसुद्धा जीझिपने आवळलेली असे, आणि कर्नल ती मेमरीत उलगडून रॅमडिस्क बनवी. त्यामुळे अशी रूट फ्लॉपीही थेट माउंट होत नाही. आधी तिची इमेज घ्यायची, ती उलगडायची आणि मग लूप माउंट करायची. कमांड तीनच, पण क्रम चुकला की एरर असा येतो की फ्लॉपीच खराब असावी असे वाटते. पीटर अॅन्व्हिन यांच्या सिसलिनक्सने हा पेच बराच सोडवला: फ्लॉपी साध्या फॅटचीच ठेवायची आणि कर्नल तिच्यात फाइल म्हणून टाकायचा. मग डॉसवाल्यालाही ती उघडता आली, त्यातली सेटिंगची फाइल नोटपॅडमध्ये बदलता आली.

टॉम्सआरटीबीटी ही या काळातली गाजलेली बचाव फ्लॉपी. एका फ्लॉपीवर जास्तीत जास्त लिनक्स बसवण्यासाठी तिने ८२ ट्रॅक आणि दर ट्रॅकला २१ सेक्टर वापरले. क्षमता १,७२२ किलोबाइट झाली. लिनक्समध्ये या मापासाठी वेगळी डिव्हाइस फाइल आहे, आणि ती न वापरता साध्या मापाने वाचायला गेलात तर इमेज अर्धवट मिळते. आजच्या बहुतेक यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हना असली वेगळी मापे पेलतच नाहीत. वाचण्याचा करार फाइल सिस्टिमपाशी सुरू होत नाही, त्याच्या खाली ट्रॅकपासून सुरू होतो, हे इथे कळते. सुरुवातीच्या मॅकिंटॉशच्या ४०० किलोबाइटच्या फ्लॉपीवर बाहेरच्या आणि आतल्या ट्रॅकवर सेक्टरांची संख्या वेगळी असे आणि ड्राइव्हचा वेगही बदले. अमिगा एका ट्रॅकवर ११ सेक्टर मध्ये जागा न सोडता लिही. पीसीच्या फ्लॉपी कंट्रोलरला या दोन्ही लिपी येत नाहीत. त्यांच्यासाठी चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपणारी क्रायोफ्लक्स किंवा ग्रीसविझलसारखी उपकरणे लागतात.

मेमरीत उभी राहणारी ड्राइव्ह

तिसरे कोडे रॅमडिस्कचे. विंडोज ९८ ची स्टार्टअप फ्लॉपी अनेक दुरुस्तीवाल्यांच्या खिशात असे. तिच्यावर ईबीडी.कॅब नावाची एक आवळलेली फाइल आहे. यंत्र सुरू झाले की मेमरीत एक तात्पुरती ड्राइव्ह तयार होते आणि फॉरमॅट, स्कॅनडिस्क, अॅट्रिब, एडिट असे प्रोग्राम त्या कॅबमधून तिच्यात उतरतात. वीज बंद, ड्राइव्ह गायब. ही ड्राइव्ह हार्ड डिस्कच्या पुढचे अक्षर घेई, त्यामुळे सीडीचे नेहमीचे अक्षर एकाने पुढे सरके आणि नवखे लोक भलत्याच ड्राइव्हमध्ये सेटअप शोधत बसत. हे प्रोग्राम परत मिळवायचे तर फ्लॉपीची डिरेक्टरी पाहून भागत नाही. कॅब उघडावी लागते.

ओपनबीएसडीची इन्स्टॉल फ्लॉपी याच्याही एक पायरी पुढे जाते. तिच्यावर त्यांची स्वतःची एफएफएस फाइल सिस्टिम असते, आणि माउंट केल्यावर बूट लोडर आणि कर्नल एवढेच दिसते. इन्स्टॉल करणारे सगळे प्रोग्राम कर्नलच्या आत बसवलेल्या रॅमडिस्कमध्ये असतात, तेही एकाच बायनरीत एकत्र बांधलेले. ते पाहायचे तर कर्नल उलगडून त्यातली रॅमडिस्क बाहेर काढावी लागते. दुसऱ्या कोड्याचे, म्हणजे एकच मोठी फाइल आणि भरलेली जागा याचे, उत्तर बऱ्याचदा इथे सापडते.

आणि फ्लॉपी हद्दपार होऊ लागली तेव्हा तिने सीडीत आसरा घेतला. फिनिक्स आणि आयबीएम यांनी १९९५ मध्ये ठरवलेल्या एल टोरिटो या पद्धतीत सीडीवर फ्लॉपीची अख्खी इमेज ठेवता येते. बायोस ती इमेज ए ड्राइव्ह म्हणून पुढे करतो, आणि खरी फ्लॉपी ड्राइव्ह असेल तर ती बी होते. अशा सीडीची साधी डिरेक्टरी पाहून ए ड्राइव्हवरच्या फाइली दिसतीलच असे नाही. सीडीच्या १७ व्या सेक्टरवरून बूट कॅटलॉगचा पत्ता घ्यायचा, कॅटलॉगवरून इमेजचा, आणि मग ती इमेज नेहमीच्या फॅट फ्लॉपीसारखी उघडायची. एका फाइल सिस्टिमच्या पोटात दुसरी, आणि दोघींचे वाचक वेगळे.

हात लावण्यापूर्वी

कोणतीही मूळ फ्लॉपी वाचण्याआधी तिच्यावर लिहिले जाणार नाही याची खात्री करावी. यातही गोंधळ आहे: साडेतीन इंची फ्लॉपीचे कोपऱ्यातले भोक उघडे असेल तर ती सुरक्षित, तर सव्वापाच इंची फ्लॉपीची खाच उघडी असेल तर तिच्यावर लिहिता येते, सुरक्षित करायला खाचेवर पट्टी चिकटवावी लागते. ही काळजी अवाजवी नाही. विंडोज ९५ आणि ९८ सुरक्षित न केलेली फ्लॉपी नुसती उघडली तरी तिच्या बूट सेक्टरमधल्या नावाच्या त्या आठ बाइटांवर स्वतःची खूण लिहून ठेवत. डिरेक्टरीत काही बदललेले दिसत नसे, पण मूळ फ्लॉपी मूळ राहिलेली नसे.

त्यानंतर पहिले काम म्हणजे पूर्ण इमेज घेणे, आणि पुढचा सगळा अभ्यास इमेजवरच करणे. मग पहिला सेक्टर पाहावा. सुरुवातीला उडीची सूचना आणि पाठोपाठ ओळखीचे नाव असेल तर फॅटचा संशय घ्यावा. १०४० व्या बाइटपाशी मिनिक्सची खूण, १०८० व्या बाइटपाशी ईएक्सटी२ ची खूण शोधावी. या दोन्ही फाइल सिस्टिम पहिले १,०२४ बाइट बूटसाठी मोकळे सोडतात, एफएफएस ८ किलोबाइट सोडते, सीपी/एम अख्खे ट्रॅक सोडते. प्रत्येक रचनाकाराने आरंभीची जागा अशी सोडून दिली, कारण ती आपल्या मालकीची नाही हे त्याला ठाऊक होते. कोणतीच खूण सापडली नाही तर नुसता कर्नल आहे का, इमेज आवळलेली आहे का, हे पाहावे. ‘खराब’ हा निष्कर्ष सर्वांत शेवटी.

या पुस्तकाची मांडणी याच क्रमाने केली आहे: आधी ट्रॅक आणि इमेज, मग बूट सेक्टर, मग सीपी/एम, डॉस, विंडोज, लिनक्स आणि बीएसडी यांच्या फाइल सिस्टिम, शेवटी रॅमडिस्क आणि सीडीवरच्या इमेज. फाइल बाहेर आल्यानंतरचे प्रश्न पुस्तकाच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. फ्लॉपीवरच्या उरलेल्या जागेत मराठी मजकूर ठेवलेला असेल आणि तो सी-डॅकच्या जिस्ट कार्डावर लिहिलेला असेल, तर त्यातली अक्षरे इस्कीत असण्याचा संभव आहे. फाइल सुखरूप निघूनही पडद्यावर चिन्हांची गर्दी दिसेल. तो वेगळ्या कराराचा विषय आहे आणि त्याला वेगळे पुस्तक लागेल.

हे सगळे आता कशासाठी, असे कुणी विचारेल. संग्रहालये, ग्रंथालये आणि जुन्या संस्थांची कपाटे हे एक उत्तर आहेच. दुसरे उत्तर आजच्या यंत्रात आहे. बायोसच्या जागी यूईएफआय असलेल्या संगणकात फर्मवेअरला फॅट फाइल सिस्टिम स्वतःला वाचता येते. ठरलेल्या डिरेक्टरीतली ठरलेल्या नावाची फाइल ते शोधते आणि चालवते. पहिला सेक्टर, सलग फाइली, राखीव ट्रॅक या सगळ्या अटी तिथे संपल्या, कारण पहिल्याच वाचकाला आता फाइल कळते. आणि त्यासाठी सगळ्यांना मान्य अशी निवडली गेली ती फ्लॉपीसाठी घडवलेल्या त्याच पद्धतीची मोठी बहीण. नव्या लॅपटॉपवरचे ईएफआय पार्टिशन उघडणाऱ्याला या पुस्तकातला फॅटचा भाग जवळजवळ तसाच उपयोगी पडेल.

फ्लॉपी ड्राइव्ह नसलेल्या वाचकाने अडून बसू नये. क्यूएमयूसारख्या एम्युलेटरमध्ये इमेज फ्लॉपीसारखीच चालते. जिम हॉल यांनी १९९४ मध्ये सुरू केलेले फ्रीडॉस मोफत मिळते. मायक्रोसॉफ्टने एमएस-डॉस १.२५ आणि २.० चा सोर्स कोड २०१४ मध्ये, तर ४.०० चा २०२४ मध्ये खुला केला आहे. बूट सेक्टरचा कोड त्यात ओळीओळीने वाचता येतो. पहिल्या प्रकरणातला स्वाध्याय १४,७४,५६० शून्य बाइटांच्या एका फाइलपासून सुरू होतो. तिच्यात बूट सेक्टर, फॅट, डिरेक्टरीची एक नोंद आणि एक छोटी फाइल हेक्स एडिटरने हाताने लिहायची आहे, आणि मग डॉसला ती वाचायला द्यायची आहे. तो स्वाध्याय वगळून पुढे जाऊ नये. स्वतः मांडलेली फॅट डॉसने बिनचूक वाचली, की दुसऱ्या कुणी तीस-चाळीस वर्षांपूर्वी मांडलेली उलगडताना कुठे बघायचे ते आपोआप कळते.